विद्यापीठ चालू राहिले, आपली पोरे कुठे गेली?



मार्च २०२० आठवा. वसतिगृहांच्या दारांवर नोटिसा लागल्या : खोल्या रिकाम्या करा, घरी जा. घरी म्हणजे नेमके कुठे, हे त्या नोटिशीत लिहिलेले नव्हते. ज्याचे घर पुण्यातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये होते तो संध्याकाळी घरी पोहोचून वायफायला जोडला गेला. ज्याचे आईबाप ऊसतोडीच्या फडावर होते, वीटभट्टीवर होते, किंवा मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत होती, त्याच्यासाठी 'घरी जा' याचा अर्थ 'शिक्षणाच्या बाहेर जा' एवढाच होता. नोटिशीवर सही करणाऱ्याचा आपल्यावर राग होता असे मी म्हणत नाही. सही करताना आपली पोरे त्याच्या डोळ्यांसमोर आलीच नाहीत, हे माझे म्हणणे आहे. राग परवडला, रागाशी भांडता येते. आपण हिशेबातच नसणे हे त्याहून भयंकर.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. विद्यापीठांनी छाती फुगवून सांगितले की आमचे शिक्षण एक दिवसही थांबले नाही. गुगल मीटच्या लिंक गेल्या, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पडल्या, हजेरी लागली. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने, म्हणजे २०१७-१८ च्या पाहणीने, आधीच सांगून ठेवले होते की देशातल्या सुमारे २४ टक्के घरांतच इंटरनेट आहे. शहरात ४२ टक्के, ग्रामीण भागात अवघे १५ टक्के. संगणक असलेली ग्रामीण घरे तर ४ टक्क्यांच्या आसपास. ही आकडेवारी टाळेबंदीच्या आधीच सरकारदरबारी पडून होती. ती वाचून एकाही कुलगुरूने 'मग उरलेल्यांचे काय?' असे विचारले असते, तर पुढची दोन वर्षे वेगळी गेली असती.

विद्यापीठ चालू राहिले. आपली पोरे कुठे गेली? कुणी कंपनीत हेल्पर झाला, कुणी डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतली, कुणा पोरीचे लग्न लावून दिले गेले. प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार नावे तुम्हाला सापडतील. त्यांची कुठल्याही विद्यापीठाने यादी केली नाही. जो परत आला नाही तो 'गैरहजर' ठरला, आणि फाइल बंद झाली.

पुन्हा संकट येणार आहे. साथ येईल, पूर येईल, आग लागेल, सर्व्हर बंद पडेल, शिष्यवृत्ती थकेल. तेव्हाही हेच होणार आहे, जर आपण आजच कुलगुरू, प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्याकडून सातत्याचा आराखडा मंजूर करून घेतला नाही तर. हा लेख त्यासाठी आहे.

सातत्याचा आराखडा म्हणजे काय?

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन म्हटले की भिंतीवर टांगलेले अग्निशमन यंत्र आणि वर्षातून एकदा वाजणारी घंटा एवढेच डोळ्यांसमोर येते. माणसांना इमारतीबाहेर सुखरूप काढणे हे पहिले काम, ते झालेच पाहिजे. पण माणसे बाहेर आली, आग विझली, पुढे काय? वर्ग कुठे भरणार? परीक्षा कधी? मेसमध्ये उद्या सकाळी चूल पेटणार की नाही? शिष्यवृत्तीचा अर्ज कोण पुढे पाठवणार? या प्रश्नांची उत्तरे संकट येण्याआधी लिहून ठेवणे म्हणजे सातत्याचा आराखडा.

त्याची रीत सोपी आहे. संस्थेची कामे मांडायची : अध्यापन, परीक्षा, निकाल, वसतिगृह, मेस, पगार, शिष्यवृत्ती, दाखले, ग्रंथालय, प्रयोगशाळा. प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहायच्या. हे काम जास्तीत जास्त किती दिवस बंद राहू शकते? ते पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी कोणाची? तो माणूस नसेल तर त्याच्या जागी कोण? आणि नेहमीची जागा किंवा यंत्रणा नसेल तर दुसरी कोणती? बस, एवढेच. याला ना परदेशी सल्लागार लागतो, ना कोट्यवधीचे सॉफ्टवेअर.

पण बारकाईने पाहा. 'किती दिवस बंद राहू शकते' या प्रश्नाचे उत्तर कोण देतो, त्यावर सगळे ठरते. मेस आठ दिवस बंद राहिली तर? बाहेर जेवायला पैसे असलेला म्हणेल, चालेल. आपला पोरगा म्हणेल, दुसऱ्या दिवशीच मी गावची एसटी धरणार. शिष्यवृत्ती सहा महिने लांबली तर? लेखा विभाग म्हणेल, नेहमीचेच आहे. आपली पोरगी म्हणेल, मला खोलीचे भाडे द्यायचे आहे. म्हणून आराखडा लिहिणाऱ्या टेबलावर आपण नसू तर आराखडा होईल, पण तो त्यांच्या सातत्याचा होईल.

एक उदाहरण देतो. एका महाविद्यालयात महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासून पुढे पाठवायचे लॉगिन एकाच लिपिकाकडे होते. तो आजारी पडला, दवाखान्यात गेला. पासवर्ड त्याच्या डायरीत, डायरी त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या घरी. मुदत तीन दिवसांवर आलेली. आम्ही चार कार्यकर्ते प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन दिवस बसून राहिलो तेव्हा कुठे हालचाल झाली. ना पूर, ना भूकंप, ना साथ; एका माणसाला ताप आला आणि शेकडो पोरांचे वर्ष टांगणीला लागले. 'त्याच्या जागी कोण' ही एक ओळ लिहिलेली असती तर आम्हाला तिथे बसावे लागले नसते.

बाबासाहेबांना मिळालेली चार वर्षे

काही मित्र म्हणतील, हा प्रशासनाचा विषय आहे, यात आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? त्यांनी १९१७ साल आठवावे.

बाबासाहेब १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. अभ्यास रंगात आला असतानाच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्ध्यावर सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पुस्तके, कागदपत्रे, लिखाण सारे समुद्रात गेले. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून हाकलले गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर तो 'ड्रॉपआउट' होण्याचा पक्का रस्ता होता.

मग ते परत कसे गेले? जिद्द होती, हे खरेच. शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज होते, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून वाचवलेला पैसा होता. पण आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपण लक्ष देत नाही. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी दिलेली होती. त्या परवानगीच्या जोरावर ते १९२० मध्ये लंडनला परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

विचार करा. जिद्द तीच, कर्ज तेच, पण दार बंद झालेले असते तर? एका संस्थेने मुदत घालून, परवानगी देऊन दार उघडे ठेवले म्हणून विद्वत्तेला परतीची वाट मिळाली. हेच सातत्य. इमारतीचे सातत्य नव्हे, विद्यार्थ्याचे सातत्य. आपण फक्त जिद्दीच्या गोष्टी सांगत राहतो, आणि ज्या पोराला परत येता आले नाही त्याला म्हणतो, तुझी जिद्द कमी पडली. अरे, त्याला चार वर्षांची परवानगी कोणी दिली होती?

आणि त्या बुडालेल्या बोटीचाही धडा घ्या. सगळे कागद एकाच बोटीत असले की एकच टॉर्पेडो पुरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा कोल्हापूर, सांगली, चिपळूणला पाणी घरात शिरले, तेव्हा ज्यांच्या पत्र्याच्या पेटीत जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका होती त्यांना हे समजावून सांगायला नको. कागद गेला की आपला हक्क सिद्ध करायला पुन्हा त्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या.

साहेब का ऐकत नाहीत?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. असे आराखडे कागदावर तरी का होत नाहीत? कारण वरच्या माणसाला त्यात रस नसतो. वरचा माणूस हलला नाही तर खालचे कोणीही हलत नाही, हे आपल्या संस्थांचे व्याकरण आहे.

त्याची कारणे तीन. पहिले, कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची. इमारतीचे उद्घाटन केले की कोनशिलेवर नाव लागते. न आलेल्या संकटाच्या तयारीची कोनशिला बसत नाही. दुसरे, निर्णयाच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे एकही वर्ष कधी पैशापायी, पुरापायी किंवा रेंजपायी वाया गेलेले नसते. अडचण म्हणजे काय हे त्यांना अहवालातून कळते, पोटातून नाही. तिसरे, विषय निघालाच तर फाइल संगणक विभागाकडे ढकलली जाते. बॅकअप घेतला की सातत्य झाले! सर्व्हरचा बॅकअप आहे, पोरांचा नाही.

परीक्षांचेच पाहा. २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षांवरून राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची जुंपली. आयोगाने ६ जुलैला सांगितले, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्या. राज्य म्हणत होते, नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल आला : परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, राज्याला हवे तर मुदतवाढ मागता येईल. मार्चपासून ऑगस्टपर्यंत अंतिम वर्षाची लाखो मुले अधांतरी होती. ज्याच्या बापाचा पगार चालू होता तो वाट पाहू शकत होता. ज्याच्या पहिल्या पगारावर घर चालणार होते तो किती दिवस थांबणार? 'परीक्षा वेळेवर घेता आली नाही तर काय' याचे उत्तर एकाही विद्यापीठाच्या कपाटात तयार नव्हते, म्हणून ते न्यायालयात शोधावे लागले.

मग साहेब ऐकतात कशाने? कणवेने ऐकले असते तर एव्हाना ऐकले असते. खुर्ची, तपासणी, न्यायालय आणि वर्तमानपत्र या चार गोष्टी त्यांना कळतात. २०१७ चा मुंबई विद्यापीठाचा निकालगोंधळ लक्षात आहे ना? पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी एकाएकी लागू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, चारशेहून अधिक परीक्षा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. पुढच्या प्रवेशांच्या मुदती निघून चालल्या आणि मुले निकालाची वाट पाहत बसली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केले. नवी यंत्रणा कोलमडली तर जुन्या पद्धतीवर कसे यायचे, याची तयारी नसण्याची किंमत किती असते, हे त्या एका प्रकरणाने दाखवले. कोणत्याही कुलगुरूंपुढे जाताना हे उदाहरण खिशात ठेवा. धमकी म्हणून नाही. त्यांच्या हिताची गोष्ट म्हणून सांगा. त्यांचे हित आणि आपले हित जिथे एकत्र येते तिथेच पहिला ठराव मंजूर होतो.

बाबासाहेबांनी सत्तेला कसे पटवले?

इथे आपल्यातलेच काही जण उसळतील : सत्ताधाऱ्यांना पटवायला जाणे म्हणजे लाचारी! मोर्चा काढा, घोषणा द्या, पण त्यांच्या टेबलासमोर बसू नका.

या मित्रांनी २९ ऑक्टोबर १९४२ चे निवेदन वाचावे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. त्यात शिक्षणाची मागणी कशी मांडली? दया मागितली नाही. हिशेब मांडला. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लीम विद्यापीठाला सरकार दरवर्षी प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी काय देते, असा सवाल केला. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला किती आणि परदेशी शिक्षणासाठी किती, हे आकड्यांत सांगितले. परिणाम काय झाला? शिष्यवृत्त्यांसाठी तीन लाखांची तरतूद झाली, आणि १९४४ पासून सुरू झालेली ती योजना आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून आपण ओळखतो. तुमच्यामाझ्या घरातला पहिला पदवीधर बहुधा याच योजनेवर शिकला.

पद्धत नीट पाहा. तुलना दिली, आकडा दिला, नेमकी मागणी दिली, आणि ज्याच्या सहीने काम होणार होते त्याच्याच हातात कागद दिला. रस्त्यावरची लढाई महाडला आणि नाशिकला ज्याने लढली, त्याच माणसाने टेबलावरची लढाईही तितक्याच ताकदीने लढली. यात लाचारी कुठे आहे? लाचारी तर मोघम मागणी करून, हार घालून, फोटो काढून परत येण्यात आहे.

मग आपण काय करायचे?

एक. आधी आपली यादी करा. तुमच्या वसतिगृहात, वर्गात, वस्तीत फिरा. किती जणांकडे स्वतःचा फोन आहे, किती जणांचे घर पुराच्या रेषेत आहे, किती जण सुट्टीत घरी जाऊच शकत नाहीत, किती जणांची शिष्यवृत्ती किती महिने थकली आहे. नावे जाहीर करू नका, संख्या मांडा. संस्थेकडे ही माहिती नसते; ज्याच्याकडे माहिती असते त्याला टेबलावर खुर्ची द्यावी लागते.

दोन. दार ओळखा. विद्यापीठात हा विषय कुलसचिवांच्या टेबलावरून व्यवस्थापन परिषदेत जातो. अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल अधिसभेपुढे येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. त्यांतल्या पाच राखीव, आणि त्यांत एक अनुसूचित जातीची, एक अनुसूचित जमातीची. त्या जागेवर निवडून गेलेल्याला आपण शेवटचा प्रश्न कधी विचारायला लावला? महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिथे अर्थसंकल्पाची शिफारस होते आणि विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना जागा असते. विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार होतो, त्यात सातत्याचे प्रकरण घालायला लावा. नॅकच्या मूल्यांकनात प्रशासन आणि नेतृत्व हा स्वतंत्र निकष आहे. गुणवत्ता कक्षाला सांगा, हा आराखडा तुमच्याही कामाचा आहे.

तीन. वेळ साधा. संकट ओसरल्यावरचे दोन महिने आणि अर्थसंकल्पाआधीचे दोन महिने या काळात साहेबांचे कान उघडे असतात. एरवी तेच निवेदन आवक-जावक नोंदवहीत झोपते.

चार. छोटी सुरुवात मागा. दोनशे पानांचा आराखडा मागितला तर समिती नेमतील, समिती उपसमिती नेमेल. दोन पाने मागा : पाच कामे, प्रत्येकाची मुदत, जबाबदार व्यक्ती, तिच्या जागी कोण. ती पाच कामे आपण सुचवायची : वसतिगृह, मेस, शिष्यवृत्ती-फेलोशिप, परीक्षा, दाखले.

पाच. आश्वासन घेऊन परतू नका, ठराव घेऊन परता. ठरावाला क्रमांक असतो, तारीख असते, खाली सही असते. साहेब बदलतात, ठराव राहतो. सोबत अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष मागा, रक्कम लहान का असेना. ज्या कामाला लेखाशीर्ष नाही ते काम संस्थेच्या लेखी अस्तित्वातच नसते.

सहा. वर्षातून एकदा तालीम मागा, आणि तीत स्वतः कुलगुरू किंवा प्राचार्य बसले पाहिजेत. दोन तास पुरतात. टेबलावर प्रसंग ठेवायचा : रात्री मुलींच्या वसतिगृहात पाणी शिरले आहे, परीक्षा तीन दिवसांवर आहे, वॉर्डनचा फोन लागत नाही. आता बोला. पहिल्या दहा मिनिटांत साहेबांनाच कळेल की कोणाचा नंबर कोणाकडे नाही. शंभर निवेदनांनी जे होत नाही ते या दोन तासांत होते, कारण माणसाला दुसऱ्याने दाखवलेली चूक टोचते आणि स्वतः पाहिलेली चूक पटते.

आणि मजकूर काय असावा? किमान पाच अटी अशा :

पर्यायी निवारा आणि जेवण दिल्याशिवाय वसतिगृह रिकामे करायचे नाही. शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप शासनाकडून लांबली तर संस्थेच्या निधीतून तात्पुरती उचल द्यायची आणि थकबाकीपायी कोणाचाही परीक्षा अर्ज, निकाल, दाखला अडवायचा नाही. ऑनलाइन सोय केली तर तिच्याशिवाय शिकता येईल असा दुसरा मार्ग त्याच दिवशी जाहीर करायचा. खंड पडलेल्या विद्यार्थ्याला ठराविक वर्षांच्या आत, पुन्हा प्रवेश शुल्क न घेता, परत येण्याचा लेखी हक्क द्यायचा, आणि जे परतले नाहीत त्यांची यादी करून त्यांच्या घरी माणूस पाठवायचा. पाचवी अट, या समितीवर अनुसूचित जाती-जमाती कक्षाचा प्रतिनिधी आणि वसतिगृहातला विद्यार्थी असलाच पाहिजे.

एक सावधगिरी

हे सगळे मागताना डोळे उघडे ठेवा. 'सातत्य' हा शब्द त्यांच्या हातात गेला की ते आपल्यावरही चालवू शकतात. उद्या उपोषणाला बसलात तर म्हणतील, तुमच्यामुळे कामकाजात खंड पडतो, वसतिगृह सोडा. म्हणून आराखड्यात स्पष्ट लिहून घ्या : विद्यार्थ्यांचे शांततापूर्ण आंदोलन ही आपत्ती नव्हे.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात पूर आला नव्हता, साथ आली नव्हती. रोहित वेमुला यांची फेलोशिप महिनोन्महिने थांबली होती. सात महिन्यांचे एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये येणे होते. वसतिगृहातून बाहेर काढले होते. १७ जानेवारी २०१६ ला ते गेले. त्या महिन्यांतही विद्यापीठ चालू होते. कार्यालये उघडी होती, सर्व्हर चालू होता, पगार वेळेवर झाले होते. संस्थेच्या व्याख्येप्रमाणे सातत्य अखंड होते. ही व्याख्याच आपल्याला बदलायची आहे.

'आधी आरक्षण वाचवू, मग हे बघू' असे म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. आरक्षणाने पोरगा दारातून आत येतो. तो आत टिकला तरच आरक्षण टिकले. दारातून आत घेतलेला पोरगा दोन वर्षांनी गुपचूप मागच्या दाराने बाहेर जातो आणि जागा 'रिक्त' दिसते, मग तेच लोक विचारतात, यांच्या जागा भरत नाहीत तर राखीव कशाला ठेवता? त्या मागच्या दाराला कुलूप घालणे हे आरक्षण वाचवण्याचेच काम आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या आठवड्यात तुमच्या प्राचार्यांकडे किंवा कुलसचिवांकडे जा. हार नेऊ नका, वही न्या. यादी आणि दोन पानांचा मसुदा घेऊन जा. आणि पहिलाच प्रश्न विचारा : "सर, मार्च २०२० मध्ये आपल्याकडे किती विद्यार्थी होते, आणि त्यांतले किती परत आले?"

उत्तर येणार नाही. त्या शांततेत आपला मसुदा टेबलावर ठेवा, आणि ठरावाची तारीख मिळाल्याशिवाय उठू नका.

जय भीम!